एका चौकोनाचे किती? वेबसाइटच्या फॉर्मवरचे चेकबॉक्स बदलून घेताना

वर्डप्रेसच्या फॉर्मवर टिक करायचा एक चौकोन वाढवायला सॉफ्टवेअरचे पैसे लागत नाहीत. वेबसाइट बनवायचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर २००३ पासून फुकट आहे. त्यावर फॉर्म बनवायला जागोजागी वापरलं जाणारं ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ हे प्लगिनही, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअरही, फुकट आहे आणि चेकबॉक्स त्यात तयारच मिळतो. तरीही शहापूर-मुरबाडकडे कॅम्पसाइट, कृषी पर्यटन, ट्रेकिंग ग्रुप, क्लास किंवा मंगल कार्यालय चालवणाऱ्यांना ‘एका चौकोनाचे इतके’ असा भाव सांगणारे भेटतात. असा भाव ऐकला की समजावं, समोरच्याने काम मोजलेलंच नाही. चौकोन काय विचारतो, टिक केल्यावर पुढे काय होतं आणि टिक न केल्यावर काय होतं, या तीन गोष्टी नीट बसवायला तास लागतात. पैसे त्या तासांचे द्यायचे.

म्हणून इथे सगळा हिशेब तासांवर मांडला आहे आणि सोपं जावं म्हणून ताशी ४०० रुपये धरले आहेत. कॉम्प्युटर क्लासमधला नुकता शिकलेला मुलगा याहून कमी घेईल, कल्याण-डोंबिवलीतला अनुभवी माणूस दुप्पट सांगेल आणि मुंबईतली एजन्सी तासाचं नावच न काढता पॅकेज पुढे करेल. दर असा हलतो, तास मात्र फारसे हलत नाहीत. त्यामुळे भाव विचारताना पहिला प्रश्न ‘किती घ्याल’ हा नको. ‘किती तास लागतील आणि कशाला’ हे आधी विचारा.

आणि त्याच्याही आधी फॉर्म कागदावर लिहा. वहीच्या पानावर प्रश्न, प्रत्येकापुढे उत्तरं, उत्तरांपुढे चौकोन. तो घरातल्या, शेजारच्या दोघा-तिघांना पेनने भरायला द्या. कुठे पेन थांबतं, कुठे माणूस ‘इथे काय लिहू?’ म्हणतो, ते बघा. हे काम तुम्ही केलं नाही तर वेबसाइटवाला करेल, आणि तेही तुमच्याच तासांत.

चौकोन की गोल बटण

निम्मा खर्च इथेच वाचतो, म्हणून इथे जरा थांबू. एका प्रश्नाची अनेक उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात तिथे चौकोन. एकच उत्तर खरं असेल तिथे गोल बटण, म्हणजे रेडिओ बटण, किंवा खाली उघडणारी यादी. ‘माहुली, आजोबा, गोरखगड, नाणेघाट यांपैकी कुठल्या ट्रेकची माहिती पाठवू?’ याला चौकोन योग्य. ‘तुमचा तालुका कोणता?’ याला चौकोन दिला तर कोणीतरी शहापूर आणि मुरबाड दोन्हींवर टिक करेल आणि तुम्ही कपाळाला हात लावाल. तालुक्यांची तयार यादी कुठून उचलली असेल तर एकदा डोळ्यांखालून घाला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. ठाण्यात आता ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, शहापूर आणि मुरबाड हे सातच तालुके आहेत. जुन्या यादीत वाडा-जव्हार अजून ठाण्यात असतात.

दुसरी गोष्ट मोजणीची. आठ जणांच्या ग्रुपचं बुकिंग आलं आणि ‘मांसाहारी जेवण’वर टिक आहे. कोंबडी किती जणांची शिजवायची? टिक ‘हवं’ एवढंच सांगते, किती हवं ते सांगत नाही. तिथे दोन आकडे विचारणारे रकाने हवेत: शाकाहारी किती, मांसाहारी किती. माल विकणाऱ्यांनाही हेच लागू. शहापूरच्या कातकरी तरुणांच्या गटाने कोविडच्या काळात वनधन योजनेच्या आधाराने गुळवेलीचा धंदा उभा केला. डाबर, वैद्यनाथ, हिमालय यांच्यासारख्या कंपन्यांकडून साडेतीनशे टनांची, सुमारे दीड कोटी रुपयांची मागणी त्यांच्याकडे आली. तितक्या मोठ्या मालाचं बोलणं फॉर्मवर होत नाही. पण वेबसाइटवरून किलो-दोन किलो मागवणारं गिऱ्हाईक घ्यायचं असेल तर ‘सुकी काडी’, ‘पावडर’ असे नुसते चौकोन देऊन भागणार नाही, प्रत्येकापुढे वजनाचा रकाना लागतो. इथे चेकबॉक्सचं काम संपतं आणि ऑर्डर फॉर्मचं सुरू होतं. त्याचे तास वेगळे, आणि वेबसाइटवाल्याने ते आधीच सांगायला हवेत.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती वेबसाइटवालेही सहसा सांगत नाहीत. टिक न केलेला चौकोन सर्व्हरकडे काहीच पाठवत नाही. ‘नाही’ असंही पाठवत नाही, गप्प राहतो. तुमच्या कॅम्पच्या फॉर्मवर ‘दमा आहे’, ‘हृदयविकार आहे’, ‘पोहता येत नाही’ असे चौकोन आहेत आणि एकावरही टिक नाही. माणूस धडधाकट आहे, की त्याने तो भाग वाचलाच नाही? मेल बघून हे कळायला मार्ग नाही. माळशेजच्या बाजूला पावसात माणसं नेणाऱ्याने हा धोका घेऊ नये. जिवाशी संबंध असलेल्या प्रश्नाला ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन गोल बटणं द्या, दोन्हींपैकी एक दाबल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही अशी सोय करा आणि आधीपासून कुठलंही बटण दाबलेलं ठेवू नका. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम, २०० रुपये.

कुठल्या कामाला किती

पाच मिनिटांची, पण रोज उपयोगी पडणारी दुरुस्ती आधी. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ मध्ये चेकबॉक्स जसाच्या तसा टाकला तर बोट नेमकं त्या इवल्या चौकोनावरच पडावं लागतं, शेजारच्या शब्दांवर दाबून काही होत नाही. चेकबॉक्सच्या टॅगमध्ये, म्हणजे तो फॉर्मवर आणणाऱ्या कंसातल्या ओळीत, ‘यूज लेबल एलिमेंट’ हे तीन इंग्रजी शब्द अधोरेषेने जोडून लिहिले की पूर्ण ओळ दाबता येते. याच टॅगमध्ये ‘चेकबॉक्स’ या शब्दाला लागून ताराचिन्ह दिलं की निदान एक टिक सक्तीची होते. ‘फ्री टेक्स्ट’ लिहिलं की शेवटच्या पर्यायापुढे ‘इतर’साठी लिहायची जागा येते. ‘एक्स्क्लुझिव्ह’ लिहिलं की एका वेळी एकच चौकोन टिकतो. यातल्या कशालाही प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. पर्यायांचे शब्द बदलणं, क्रम बदलणं, नवे पर्याय घालणं हे सगळं धरून तास, फार तर दीड तास.

दिसण्यावर खर्च सांगताना लोक सैल सुटतात. चौकोनाचा रंग तुमच्या बोर्डासारखा हिरवा किंवा भगवा करायला सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेत, ‘ॲक्सेंट कलर’ नावाची एक ओळ लागते. २०२२ पासून ती सगळ्या मुख्य ब्राउझरांत चालते. आकार वाढवायला आणखी दोन ओळी. वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून ठरवलेल्या जागतिक निकषांत, म्हणजे डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, दाबायची जागा निदान २४ बाय २४ पिक्सेल असावी असं म्हटलं आहे. अँड्रॉइडसाठी गूगल त्याच्या दुप्पट, ४८, सांगतं. मी ४८ च्या बाजूचा. तुमचं गिऱ्हाईक बहुधा संध्याकाळच्या कसारा लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून फॉर्म भरत असतं. हे सगळं मिळून एक तास. ‘खास डिझाइनचे चौकोन’ म्हणून कोणी चार-पाच तास सांगितले तर सावध व्हा. त्यात पुष्कळदा मूळ चौकोन लपवून वर चित्र काढलेलं असतं. दिसायला छान, पण कीबोर्डवरून तो सापडत नाही आणि अंध व्यक्तीच्या फोनमधला वाचक आवाज त्याला ओलांडून पुढे जातो.

याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे बदल कुठे लिहिला. थीमच्या किंवा प्लगिनच्या मूळ फाइलमध्ये लिहिला असेल तर पुढचं अपडेट आलं की सगळं पुसलं जातं आणि त्याच कामाचे पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात. वर्डप्रेसमध्ये अशा रंगरूपाच्या ओळींसाठी ‘ॲडिशनल सीएसएस’ ही वेगळी जागा आहे. मोठ्या बदलांसाठी मूळ थीमवर आधारलेली वेगळी थीम, म्हणजे चाइल्ड थीम, करतात. नवीन ब्लॉक पद्धतीच्या थीममध्ये ही जागा मेन्यूत वेगळ्या ठिकाणी असते, पण असते. काम संपल्यावर ‘कुठे लिहिलंस ते दाखव’ म्हणा. दाखवायला एक मिनिट लागतं. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं असं समजा.

‘जास्तीत जास्त दोनच निवडा’ अशी अट कॉन्टॅक्ट फॉर्म ७ मध्ये तयार मिळत नाही. थोडा कोड लिहावा लागतो, एक ते दीड तास. तुमची साइट वर्डप्रेसऐवजी द्रुपलवर असेल तर ‘वेबफॉर्म’ या फुकटच्या मॉड्यूलमध्ये ही अट, ‘इतर’ आणि ‘यांपैकी काहीही नाही’ हे पर्याय, अगदी उत्तर बघून पुढचा प्रश्न दाखवायची सोयसुद्धा सेटिंगमध्येच आहे. त्याचे वेगळे तास कोणी लावले तर मान्य करू नका. जूमला या तशाच तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ३.७ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, चेकबॉक्सचा रकाना मुळातच मिळतो. पण गुंतागुंतीच्या फॉर्मसाठी तिथे बाहेरचं एक्स्टेंशन घ्यावं लागतं.

उत्तर बघून पुढचा प्रश्न दाखवणं, म्हणजे ‘मुक्काम’वर टिक केली तरच ‘तंबू की खोली’ विचारणं, हे वर्डप्रेसमध्ये दोन तासांचं काम आहे. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ साठी त्याचं जोड-प्लगिन फुकट मिळतं, वेळ जातो तो तपासण्यात. नेहमी अडतं ते असं: लपलेला रकाना सक्तीचा ठरवलेला असतो. एक दिवसाच्या सहलीला येणाऱ्याला ‘तंबू की खोली’ दिसतच नाही, तरी फॉर्म त्याचं उत्तर मागत बसतो, पाठवत नाही आणि कारणही सांगत नाही. माणूस तीनदा बटण दाबतो आणि दुसऱ्या कॅम्पला फोन लावतो. म्हणून या दोन तासांतला निदान एक तास तपासणीचा आहे, हे कागदावर लिहून घ्या.

टिक केलेल्या गोष्टींची बेरीज करून रक्कम दाखवणं ही सहा ते आठ तासांची उडी आहे, २,४०० ते ३,२०० रुपये. त्याला पेमेंट गेटवे जोडला तर दर व्यवहारावर साधारण दोन टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी जातो: हजार रुपयांच्या बुकिंगमागे २३ रुपये ६० पैसे. मोसमात आठवड्याला पाच-दहा बुकिंग घेणाऱ्याला याची गरज आहे असं मला वाटत नाही. मुरबाड तालुक्यातलं धसई १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हा दुकानादुकानांत कार्ड स्वाइप करायची यंत्रं आणावी लागली होती. आता काउंटरवर छापील क्यूआर पुरतो, आणि १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे दर व्यवहारामागे कापलं जाणारं शुल्क, नाही. तोच क्यूआर फॉर्म पाठवल्यानंतरच्या ‘धन्यवाद’ पानावर लावा. अर्धा तास, २०० रुपये. पैसे आले की नाही ते तुम्हाला हाताने पडताळावं लागेल, एवढाच त्रास.

मेल येत नाही

फॉर्म सुंदर झाला, टिका पडल्या, पण मेल आलाच नाही, ही या धंद्यातली सर्वांत जुनी तक्रार. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ आपण होऊन काहीही साठवत नाही, फक्त मेल पाठवतं. मेल स्पॅममध्ये गेला किंवा होस्टिंगवाल्याने अडवला की बुकिंग हवेत विरलं. याला दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. त्याच प्लगिनच्या कर्त्याचं ‘फ्लेमिंगो’ हे दुसरं फुकट प्लगिन आलेला प्रत्येक फॉर्म वेबसाइटच्या आतच नोंदवून ठेवतं. आणि मेल होस्टिंगच्या भरवशावर न सोडता एसएमटीपीने, खऱ्या मेल खात्यातून पाठवायचा. दोन्ही मिळून दीड तास. मी तर म्हणेन, चौकोनांना रंग देण्याआधी हे करा.

याच ठिकाणी मराठीचा घोळ होतो. आपल्याकडे पत्रिका-बॅनर छापणाऱ्या दुकानांतून मजकूर मिळतो तो बऱ्याचदा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो फॉर्ममध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावा किंवा बदलून घ्यावा लागतो आणि बदलून घेतला तरी जोडाक्षरं एकदा वाचावी लागतात. मोबाइलवर स्वतःच टाइप करून व्हॉट्सॲपने पाठवलात तर हा खर्च शून्य. दुसरं, आलेल्या फॉर्मांची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की मराठी नावं बिघडलेली दिसतात. फाइल खराब झालेली नसते, ती यूटीएफ-८ म्हणून आयात करायची असते. याला ‘डेटा दुरुस्ती’ म्हणून कोणी पैसे लावले तर हसून नाही म्हणा. तिसरं, चौकोनापुढे दिसणारा शब्द मराठी असू द्या, पण आतली नोंद एखाद्या लहान ठरलेल्या खुणेने ठेवायला सांगा. आज ‘मुक्कामी’, उद्या ‘मुक्काम’ असा शब्द बदललात तर मोसमाच्या शेवटी एकाच गोष्टीच्या दोन बेरजा होतात.

तपासणी दुकानातल्या वायफायवर करून ‘झालं’ म्हणायचं नाही. डोळखांबच्या पुढे किंवा टोकावड्याकडे जाऊन, नेटच्या दोन काड्या असताना, साध्या अँड्रॉइड फोनवर फॉर्म उघडून पाठवून बघा. दिसायला भारी फॉर्म-बिल्डर इथे उघडे पडतात: पान अर्धं येतं आणि पाठवायचं बटण येतच नाही. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणहून माणूस आला तर त्याचा अर्धा दिवस रस्त्यात जातो. म्हणून ही तपासणी तुम्ही करा, स्क्रीनचे फोटो पाठवा, आणि त्याचा तास बिलातून कमी करून घ्या.

संमतीचा चौकोन

‘अटी मान्य आहेत’ हा चौकोन सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निष्काळजीपणे बसवलेला असतो. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. त्या कायद्याला संमती हवी ती माणसाने स्वतः स्पष्ट कृती करून दिलेली. आधीच टिक करून ठेवलेला चौकोन ही संमती होत नाही. संमतीआधीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एकीत वाचायची सोय द्यावी लागते. मराठी त्यात आहेच. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. शाळांच्या सहली घेणाऱ्या कॅम्पवाल्यांनी हे आत्ताच लक्षात घ्यावं.

‘फोन नंबर बुकिंगसाठी वापरा’ आणि ‘पुढच्या ट्रेकच्या जाहिराती पाठवा’ हे दोन चौकोन वेगळे ठेवा. पहिल्यावाचून बुकिंग होणार नाही, दुसऱ्यावाचून झालं पाहिजे. दोन्ही एकात कोंबण्याची चलाखी आता महागात पडू शकते. तशीच ‘जेवण’ किंवा ‘गाइड’ आधीच टिक करून बिलात घुसवायची चलाखी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत १३ फसव्या रचना दिल्या आहेत, त्यांत गिऱ्हाइकाला न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं ही एक आहे. कोणी वेबसाइटवाला ‘आधी टिक ठेवू या, विक्री वाढते’ म्हणाला, तर तक्रारीचं उत्तर त्याला नाही, तुम्हाला द्यावं लागेल.

पावसाळ्यात धबधबे-धरणांच्या परिसरात जिल्हा प्रशासनाचे बंदी आदेश निघतात. असा आदेश आला तर पैसे परत, की पुढची तारीख, हे संमतीच्या चौकोनाशेजारी एका ओळीत लिहा, दुसऱ्या पानाच्या लिंकमागे दडवू नका. ‘अपघात झाल्यास आमची जबाबदारी नाही’ या चौकोनावर मात्र फार विसंबू नका. गिऱ्हाइकाने टिक केली म्हणून तुमच्या बाजूच्या हयगयीची जबाबदारी टळत नाही. आणि टिक केव्हा केली, तेव्हा मजकूर काय होता, याची नोंद राहत नसेल तर तो चौकोन असून नसल्यासारखा. वर सांगितलेली साठवणीची सोय केलेली असेल तर यासाठी वेगळा अर्धा तास पुरतो.

कोणाला विकतचं, कोणाला फुकटचं

गूगल फॉर्म. ज्यांच्याकडे आठवड्याला मोजकीच विचारणा येते त्यांना माझा सल्ला हाच आहे. चौकोन आहेत, ‘इतर’ आहे, किमान-कमाल टिकांची अट आहे, उत्तरं आपोआप शीटमध्ये जातात आणि फॉर्म स्वतःच्या वेबसाइटच्या पानावर बसवताही येतो. खर्च शून्य. एकच अडचण लक्षात ठेवा: उत्तरानुसार पुढच्या भागात पाठवायची सोय तिथे गोल बटणांना आणि खाली उघडणाऱ्या यादीला आहे, चौकोनांना नाही. ‘मुक्काम आहे का?’ हा प्रश्न गोल बटणांनी विचारला की तेही सुटतं.

ग्रॅव्हिटी फॉर्म्ससारखं विकतचं प्लगिन घ्यायचं तर त्याचा सर्वांत लहान परवाना बरीच वर्षं वर्षाला ५९ डॉलर असा चालत आला आहे. घेण्याच्या दिवशीचा दर त्यांच्याच पानावर पाहा, आणि कर व कार्डाचं परकीय चलन शुल्क वेगळं धरा. कोणी ‘प्रो प्लगिन फुकट टाकून देतो’ म्हणालं तर परवान्याची पावती मागा. पावती नसलेली प्रत बहुधा चोरीची असते. तिला नीट अपडेट मिळत नाहीत आणि तिच्या पोटात काय लपवलं आहे ते कोणालाच माहीत नसतं. परवाना वेबसाइटवाल्याच्या नावावर असेल तर तो दुकान बंद करेल त्या वर्षी तुमचे अपडेटही बंद होतील. हेच डोमेनचं, होस्टिंगचं आणि वर्डप्रेसच्या ॲडमिन पासवर्डचं. तिन्ही तुमच्या नावावर, तुमच्या मेलवर असल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. पहिल्या वर्षी स्वस्तात मिळालेलं होस्टिंग दुसऱ्या वर्षी किती होणार, तेही आधी विचारा. जाहिरातीत नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरांत असतो.

बिलावर जीएसटी लावला असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक छापलेला हवा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि त्याने नोंदणी केलेली नसेल, तर १८ टक्के मागायचा त्याला अधिकार नाही. पैसे घेऊन काम अर्धवट टाकलं तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. पुढे ठाण्याचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचं शुल्क नाही. धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून समोरचा हरकत घेईल. पण पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या लहान व्यवसायाला कायद्यात सवलत आहे. ते सिद्ध करायला तुमच्याजवळ कामाचा कागद हवा: कुठले प्रश्न, किती तास, कुठल्या तारखेला, किती पैसे. व्हॉट्सॲपवर लिहून ‘मान्य’ असं उत्तर घेतलंत तरी हाताशी काहीतरी राहतं.

आता आसनगावजवळच्या एखाद्या साध्या कॅम्पसाइटचा हिशेब लावू. प्रश्न आणि पर्याय बसवणं एक तास, रंग आणि आकार एक तास, ‘मुक्काम’नंतरचा लपलेला प्रश्न दोन तास, मेल आणि साठवण दीड तास, संमतीचे दोन चौकोन अर्धा तास, फोनवरची तपासणी आणि दुरुस्त्या दीड तास, मालकाला शिकवणं अर्धा तास. एकूण आठ तास, ३,२०० रुपये. कल्याणचा दुप्पट दर धरला तर ६,४००. याच कामाला कोणी पंधरा हजार सांगितले तर जास्तीच्या पैशांत काय जास्त मिळणार ते तासांसकट लिहून मागा. हजारात करून देतो म्हणाला, तर मेल, साठवण आणि तपासणी यांपैकी काय गाळलं ते विचारा.